इलेक्ट्रॉनिक म्युझिक आणि व्हिज्युअल्समधून एएसएमआर कधी होतं आणि कधी नुसतंच "छान वाटतं"

मला आलेला प्रश्न असा आहे की एबलटनमध्ये (संगीत बनवण्याचं सॉफ्टवेअर) अँबियंट पॅड (सलग पसरलेला मऊ सूर) लावलाय, त्याखाली मऊ बीट, वरून तीन सेकंदांचा हॉल रिव्हर्ब (मोठ्या हॉलसारखं घुमणं) लावलेले कुजबुजीचे सॅम्पल्स, आणि सोबत ब्लेंडरमध्ये (थ्रीडी ॲनिमेशनचं सॉफ्टवेअर) केलेला दोनशे गुळगुळीत गोळ्यांचा लूप. ऐकणारे म्हणतात मस्त रिलॅक्सिंग आहे, पण डोक्यात मुंग्या येऊन मानेवरून खाली सरकणारी ती झिणझिणी, म्हणजेच एएसएमआर, काही कुणाला येत नाही. मग चुकतंय काय, आणि लूप किती लांब ठेवायचा?

माझं उत्तर म्हणजे पॅड काढा. उद्धट वाटेल, पण आधी तेवढंच करून बघा आणि मग पुढचं वाचा.

याला कारण आहे. एएसएमआर हे नाव २०१० मध्ये जेनिफर ॲलन यांनी दिलं, लोकांना हे त्याआधीही होत होतंच, फक्त त्याला काय म्हणायचं ते माहीत नव्हतं. मग २०१५ मध्ये बॅरेट आणि डेव्हिस या दोन संशोधकांचा पेपर आला, त्यात त्यांनी ज्यांना हे होतं अशा पावणेपाचशे जणांना विचारलं की तुम्हाला नेमकं कशाने होतं. कुजबुज ७५ टक्के, कुणीतरी आपल्याकडे मन लावून लक्ष देतंय ही भावना ६९, कुरकुरीत आवाज ६४, संथ हालचाली ५३. पण आपल्या कामाचा पेपर आहे तो पुढचा, २०१७ चा, त्यात १३० जणांना आणखी खोलात विचारलं होतं. खालच्या पट्टीतले पण गुंतागुंतीचे आवाज आणि संथ, बारकाव्यांवर रेंगाळणारे व्हिडिओ चांगले चालतात असं निघालं, आणि बॅकग्राउंड म्युझिकने बऱ्याच जणांची झिणझिणी मरते असंही निघालं.

आता आपण म्युझिकवाले, म्हणजे पंचाईतच की. पण नीट बघा, गडबड करतंय ते "बॅकग्राउंड" म्युझिक, म्हणजे ट्रिगरच्या (झिणझिणी आणणाऱ्या आवाजाच्या) खाली अंथरलेलं. कान दोन गोष्टींत वाटला जातो, शिवाय पॅड त्याच फ्रिक्वेन्सीजवर बसून बारीक आवाज झाकून टाकतो. ट्रिगरच्या खाली म्युझिक न ठेवता ट्रिगरांचंच म्युझिक केलं तर ही अडचण राहतच नाही, आणि हे काम इलेक्ट्रॉनिकवाल्याइतकं सहज कुणालाच जमत नाही, कारण आपण तसंही दिवसभर आवाजाचे तुकडेच कापत बसलेले असतो. इलेक्ट्रॉनिक संगीतकार होली हर्नडनच्या २०१५ च्या 'प्लॅटफॉर्म' अल्बममध्ये क्लेअर टोलन या एएसएमआरवाल्या कलाकारासोबतचा एक अख्खा ट्रॅक आहे, तिथे कुजबुज गाण्यावर शिंपडलेली नाही, तोच ट्रॅक आहे. तुमच्या व्हर्जनमध्ये कुजबुज पॅडवर मीठ भुरभुरल्यासारखी आहे.

अजून एक घोळ आधीच मिटवतो. गाणं चढत जातं आणि तार सप्तकातल्या एखाद्या जागेवर अंगावर काटा येतो, ते वेगळं. त्याला फ्रिसाँ म्हणतात, त्याला ताण लागतो, बिल्डअप लागतो, अनपेक्षित वळण लागतं, आणि दोन-चार सेकंदांत संपतं. एएसएमआर बरोब्बर उलट, ते संथ असतं, मिनिटं-मिनिटं टिकतं, आणि पुढे काही दचकवणारं होणार नाही याची खात्री पटल्यावरच सुरू होतं. २०१८ मध्ये शेफील्ड युनिव्हर्सिटीच्या अभ्यासात तर एएसएमआर होणाऱ्या लोकांचे हार्टबीट मिनिटाला साधारण ३ ने खाली आलेले दिसले. आपल्याला बिल्डअप आणि ड्रॉपची इतकी सवय असते की सोळा बार झाले की हात आपोआप फिल्टर उघडायला (दाबून ठेवलेला आवाज उजळवायला) जातो. इथे फिल्टर उघडू नका. आणि हो, बायनॉरल बीट्सचा याच्याशी संबंध नाही, दोन कानांत जराशा वेगळ्या फ्रिक्वेन्सीज वाजवणं आणि बायनॉरल रेकॉर्डिंग (दोन कानांच्या जागी दोन माइक ठेवून केलेलं) या दोन निराळ्या गोष्टी आहेत, नावं सारखी म्हणून सगळे एकाच पोत्यात भरतात.

तर मग काय लागतं. माझ्या मते सगळा खेळ दोन गोष्टींवर आहे, आवाज जवळ आहे असं वाटलं पाहिजे आणि तो कशाचा तरी आहे असं वाटलं पाहिजे. सिंथच्या (इलेक्ट्रॉनिक पद्धतीने बनवलेल्या) आवाजाला मुळात ना अंतर असतं ना शरीर, ते दोन्ही आपल्याला द्यावं लागतं.

आधी अंतराचं बोलू. कान अंतर ओळखतो ते बऱ्याच अंशी डायरेक्ट आवाज किती आणि खोलीतून परतून आलेला किती यावरून. तुम्ही कुजबुजीवर तीन सेकंदांचा हॉल रिव्हर्ब लावलाय, म्हणजे कुणीतरी मंगल कार्यालयाच्या दुसऱ्या टोकाला उभं राहून कुजबुजतंय, मुंग्या येतील कुठून! रिव्हर्ब जवळजवळ शून्य करा, लावायचाच तर छोट्या लाकडी खोलीचा, अर्ध्या सेकंदाच्या आतला, तोही जेमतेम जाणवेल इतका. दुसरं म्हणजे दोन कानांमधला फरक. डोक्याच्या एका बाजूने आलेला आवाज दुसऱ्या कानापर्यंत पोचायला जास्तीत जास्त ०.६ ते ०.७ मिलिसेकंद उशीर होतो, तेवढा डिले दुसऱ्या चॅनलला दिला तर आवाज बाजूला सरकतो. पण "कानाशी" येत नाही. कारण लांबून येणाऱ्या आवाजात बास दोन्ही कानांना जवळपास सारखाच ऐकू येतो, डोकं त्याला अडवू शकत नाही, आणि वस्तू डोक्यापासून मीटरभराच्या आत आली की मग मात्र बासमध्येही दोन कानांत ठळक फरक पडायला लागतो. कानामागे फिरणाऱ्या ब्रशचा आवाज अंगावर येतो त्यात याचा मोठा वाटा आहे. तर पलीकडच्या कानाचा फक्त ट्रेबल कापून थांबू नका, त्या बाजूचा २०० हर्ट्झच्या आसपासचा भागही आठ-दहा डीबीने (डेसिबलने) खाली घ्या, आणि जवळच्या कानात तोच भाग थोडा फुगवा, कारण कार्डिऑइड (समोरचाच आवाज जास्त पकडणाऱ्या) माइकच्या तोंडाशी बोललं की बास आपोआप वाढतो आणि आपल्या कानांना तोच "जवळ" वाटायची सवय लागलीय. डमी हेड माइक (माणसाच्या डोक्याच्या आकाराचा, दोन्ही कानांत माइक असलेला) असेल तर सोन्याहून पिवळं, पण नॉयमनचं केयू १०० घेण्याइतके पैसे असते तर आपण हे प्रश्नोत्तर करत बसलो नसतो.

आता शरीर. हा भाग मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. साइन वेव्ह (एकाच फ्रिक्वेन्सीची सगळ्यात साधी लहर) कशाची आहे? कशाचीच नाही. त्वचा, कागद, लाकूड, फेस, वाळू, यातलं काही घासलं जातंय असं मेंदूला वाटल्याशिवाय स्पर्शाचा भास होत नाही. आणि वस्तू ओळखली जाते ती बहुतेक वेळा सुरावरून नाही, सुराच्या आधीच्या आणि नंतरच्या कचऱ्यावरून.

याचं एक जवळचं उदाहरण देतो. तंबोरा रेकॉर्ड करा, मिरजेचा मिळाला तर उत्तमच (मिरजेच्या सतार-तंबोऱ्यांना २०२४ मध्ये जीआय टॅगही मिळालाय), आणि माइक भोपळ्यासमोर न ठेवता एक घोडीच्या अगदी जवळ आणि एक छेडणाऱ्या बोटाजवळ ठेवा. तार सुटायच्या आधी बोटाचं पेर तारेवरून सरकतं, तो एक बारीक कोरडा 'श्श्क' असतो, पंचवीस-तीस मिलिसेकंदांचा. मग सूर. मग घोडीच्या किंचित उताराच्या पृष्ठभागावर तार निसटती टेकत राहते, खाली सरकवलेल्या त्या दोऱ्यामुळे टेकण्याची जागा बदलते, आणि हार्मोनिक्स (मूळ सुराच्या वरचे उपसूर) एकामागून एक उमलत जातात, हीच जवारी. आता एडिटिंगमध्ये मधला सूर दहा-बारा डीबीने खाली घ्या, पेराचा 'श्श्क' वर आणा आणि जवारीची ती झणझणणारी शेपटी तशीच लांब ठेवा. हेडफोनवर ऐका. सूर ऐकताना ते गाण्याआधीचं वातावरण होतं, आता कुणीतरी तुमच्या कानाशेजारी बसून अगदी हळू हाताने काहीतरी करतंय. इलेक्ट्रॉनिक तंबोऱ्याच्या पेटीने हे होत नाही, सूर अगदी स्वच्छ असतो पण बोट कुठंय?

हेच सगळ्या सिंथ आवाजांना लावा. प्रत्येक नोटच्या आधी वीस-तीस मिलिसेकंदांचा कसला तरी खराखुरा स्पर्श चिकटवा, पुठ्ठा, कापूस, नख, बांबूची टोपली, घरात जे असेल ते, आणि नोट त्याच्यामागून येऊ द्या. पिझो काँटॅक्ट माइक (वस्तूला चिकटवून तिचं कंपन पकडणारा) दोनेकशे रुपयांत घरी करता येतो, त्याने टेबलाच्या आतून जे ऐकू येतं ते हवेतून कधीच ऐकू येत नाही.

ग्रॅन्युलर सिंथेसिस, म्हणजे आवाजाचे बारीक दाणे (ग्रेन) करून त्यांतून नवा आवाज रचणं, इथे फार कामाला येतं पण त्यात एक खड्डा आहे. ग्रेन साधारण १ ते १०० मिलिसेकंदांचे असतात, मी बहुतेक वेळा २० ते ४० मध्ये राहतो. ग्रेन जर ठरावीक अंतराने सेकंदाला ५० पडले तर कानाला ते ५० दाणे ऐकू येत नाहीत, ५० हर्ट्झची घूं ऐकू येते, वाळू जाऊन ट्रान्सफॉर्मर येतो. त्यामुळे एकतर सेकंदाला दहा-बारापर्यंतच ठेवा, नाहीतर दोन ग्रेनमधलं अंतर चांगलं विस्कटा. पिच मात्र फार विस्कटू नका, पाच-दहा सेंट (सेंट म्हणजे अर्ध्या सुराचा शंभरावा भाग) बास, नाहीतर चकाकी येते आणि ती पुन्हा "सिंथ" वाटते. पॅन (डावी-उजवीकडची जागा) प्रत्येक ग्रेनला वेगळा, पण एकाच अरुंद पट्ट्यात, उदाहरणार्थ सगळे डाव्या कानाच्या आसपास, आणि तो पट्टा दहा-पंधरा सेकंदांत हळूच सरकू दे. दाणे डावी-उजवीकडे टेनिससारखे उडायला लागले की लक्ष त्यांच्यामागे पळतं आणि संपलं.

रिदमचंही तेच. ग्रिडला चिकटलेली टिकटिक आणि हाताने केलेली टकटक यातला फरक लोकांना सांगता येत नाही पण अंगाला कळतो. अल्व्हा नोटो या जर्मन इलेक्ट्रॉनिक संगीतकारासारख्यांचं क्लिक आणि पल्सवालं म्युझिक मला प्रचंड आवडतं, कोरडं आहे, जवळ आहे, बारीक आहे, तरी मला त्याने झिणझिणी येत नाही, आणि माझ्या मते कारण एवढंच की त्यात कुणाचा हात नाही. (काहींना येते. वाद घालणार नाही.) पण म्हणून रँडम करून टाका असंही नाही, रँडममध्ये मेंदू पहारा देत बसतो. नखाने टकटक करणारा माणूस तीन-चार टकटकींचा एक झुपका करतो, थांबतो, जागा जराशी बदलतो, परत साधारण तसाच झुपका करतो. नक्की कधी ते माहीत नाही, पण साधारण काय येणार ते माहीत आहे, बस तेवढंच हवं. मी तर मिडी नोटा (कोणता आवाज कधी वाजवायचा याच्या डिजिटल सूचना) माउसने आखतच नाही, ड्रमपॅडवर बोटाने वाजवून रेकॉर्ड करतो आणि क्वांटाइझला (ठोके ग्रिडवर ओढून बसवण्याला) हात लावत नाही.

लेव्हलबद्दल पटकन. लोक हे रात्री, अंधारात, हळू आवाजात ऐकतात, आणि हळू आवाजात कानाला बास कमी ऐकू येतो, म्हणून सबमध्ये (अगदी खालच्या बासमध्ये) घातलेली मेहनत वाया जाते, ऊब हवी असेल तर ती १५० ते ४०० हर्ट्झमध्ये ठेवा. २ ते ५ किलोहर्ट्झला कान सगळ्यात तिखट असतो, तिथे एकही टोचणारा पीक नको, आणि कुजबुजीतले स-श साधारण ५ ते ८ मध्ये, तिथे डीएसर (स-शची धार कमी करणारं टूल). लिमिटर लावून लाऊड करू नका, यूट्यूब उणे १४ एलयूएफएसच्या (लाउडनेस मोजण्याचं एकक) वर गेलेलं खाली आणतं पण हळू असलेलं वर नेत नाही, मी साधारण उणे २० च्या आसपास सोडतो. नॉइज रिडक्शन जोरात मारलं की शेपट्या पाण्यात बुडाल्यासारख्या होतात, त्यापेक्षा पंखा आणि फ्रिज बंद करून रात्री उशिरा रेकॉर्ड करा, रोड (Rode) कंपनीच्या एनटी१ सारखा माइक असेल तर त्याचा स्वतःचा नॉइज ४.५ डीबी आहे, म्हणजे आवाज करतेय ती तुमची खोली. थोडा सलग हिस्स राहिला तरी चालतो, मात्र तो गेटमुळे (हळू आवाज आपोआप बंद करणाऱ्या टूलमुळे) मध्येच गायब होऊन परत येता कामा नये, त्या येण्या-जाण्यानेच माणूस जागा होतो. चघळण्या-गिळण्याचे आवाज वापरणार असाल तर टायटलमध्येच लिहा, मिसोफोनिया (ठरावीक आवाज असह्य होणं) असलेल्यांना त्याने झिणझिणी सोडा, संताप येतो.

आता व्हिज्युअल्स, आणि इथे मी जरा कडक बोलणार आहे. ऑडिओ-रिॲक्टिव्ह म्हणून जे ऐंशी टक्के दिसतं, म्हणजे आवाज वाढला की गोळा फुगला, हायहॅट आला की पार्टिकल्स उडाले, त्यातून एएसएमआर होत नाही कारण तिथे कशाला काही लागतच नाही. आवाज आणि चित्र एकाच वेळी बदलतायत एवढंच. डोळ्याला दिसलं पाहिजे की हे त्याला टेकलं, आणि त्याच क्षणी कानाला टेकल्याचा आवाज आला पाहिजे, मग मेंदू दोन्ही एकत्र बांधतो आणि ती वस्तू सिंथची असली तरी खरी मानतो. तुमच्या लूपमध्ये दोनशे गोळे आहेत. एक ठेवा. एक गोळा, एक मऊ पृष्ठभाग, एक स्पर्श, आणि कॅमेरा इतका जवळ की मागचं सगळं धूसर.

सिंकमध्ये एक गंमत आहे जी बहुतेकांना माहीत नसते. ब्रॉडकास्टसाठीच्या आयटीयूच्या (आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या) शिफारशीत दिलंय की आवाज चित्राच्या ४५ मिलिसेकंद आधी आला तर लोकांना कळतं, पण नंतर आला तर १२५ पर्यंत कळत नाही. साहजिकच आहे, जगात आवाज नेहमी उजेडामागूनच येतो. म्हणजे चूक व्हायचीच असेल तर आवाज उशिरा यावा. आणि टचडिझायनरमध्ये (लाइव्ह व्हिज्युअल्सचं सॉफ्टवेअर) आपण नेमकं उलटं करतो, आवाज सरळ बाहेर जातो, त्याच आवाजाचं ॲनालिसिस होऊन मग चित्र हलतं. ४८ किलोहर्ट्झला २०४८ सॅम्पल्सची एफएफटी विंडो (फ्रिक्वेन्सीज मोजायला घेतलेला आवाजाचा तुकडा) म्हणजेच ४३ मिलिसेकंद, पुढे रेंडरच्या एक-दोन फ्रेम्स, ३० एफपीएसला एक फ्रेम ३३ ची, बघता बघता चित्र सत्तर-ऐंशी मिलिसेकंद मागे. मग लोक म्हणतात काहीतरी तुटक वाटतंय. उपाय दोन. एकतर आवाज आउटपुटला तेवढाच उशिरा सोडा, किंवा (हे जास्त बरं) आवाजाचं ॲनालिसिस करूच नका, ज्या मिडी नोटने आवाज वाजतो त्याच नोटने ओएससीवरून (दोन सॉफ्टवेअरमध्ये संदेश पाठवायची पद्धत) चित्रालाही सांगा. ब्लेंडरमध्ये आधी रेंडर करून मग आवाज बसवणार असाल तर हा प्रश्न येत नाही, फक्त आवाज स्पर्शाच्या फ्रेमवर किंवा एक फ्रेम नंतर ठेवा, आधी कधीच नाही.

हालचालीचं सांगायचं तर ब्लेंडरचा डिफॉल्ट कर्व्ह सुरुवातीला आणि शेवटी सारखाच मऊ असतो, काळजीने काम करणारा हात तसा हलत नाही. तो उचलताना सहज उचलतो आणि टेकायच्या आधी बराच मंदावतो. म्हणून शेवटचं हँडल लांब ओढा, टेकल्यावर पृष्ठभाग किंचित दबू द्या, आणि मग थांबा, अर्धा-पाऊण सेकंद काहीच हलवू नका. बरेच जण हा थांबा कापून टाकतात कारण टाइमलाइनवर तो रिकामा दिसतो. मटेरियलला सबसरफेस स्कॅटरिंग (प्रकाश थोडा आत शिरून पसरणं) द्या, कडांना बेव्हल (गोलाई) द्या, रफनेस (खरखरीतपणा) सगळीकडे सारखा ठेवू नका, कुठेतरी बोटाचा पुसट डाग, कुठेतरी धूळ, कारण चकचकीत निर्दोष वस्तूला हात लावावासा वाटत नाही. बॅकग्राउंड काळसर, कॉन्ट्रास्ट कमी, आणि लखलखाट अजिबात नको, सेकंदाला तीनपेक्षा जास्त फ्लॅश तर वेब ॲक्सेसिबिलिटीच्या नियमांतही बसत नाहीत, फोटोसेन्सिटिव्ह लोकांना ते खरोखर धोक्याचं आहे.

लूप किती लांब, असंही विचारलं होतं. स्पर्श आणि त्याचा आवाज हे एकत्रच लूप व्हायला हवेत, त्याला इलाज नाही. पण खाली जो बारीक पोत असेल, समजा एका कानात वाळू आणि दुसऱ्यात कागद, ते वेगळ्या लांबीचे ठेवा, एक २३ सेकंदांचा आणि दुसरा ३१ चा, मग तीच जोडी परत यायला ७१३ सेकंद लागतात, म्हणजे जवळजवळ बारा मिनिटं. अँबियंट संगीतकार ब्रायन ईनोने १९७८ मध्ये टेपच्या लूप्सनी हेच केलं होतं, आपल्याकडे तर कात्री आणि टेपचीही गरज नाही.

शेवटी टेस्टिंग. फोनच्या स्पीकरवर हे सगळं मोनोसारखं होऊन मरतं, त्यामुळे "हेडफोन लावा" हे पहिल्याच फ्रेमवर लिहा, आणि व्हॉट्सॲपवर पाठवून मत विचारू नका, कॉम्प्रेशनमध्ये सगळ्यात आधी जातो तो हाच बारीक कचरा. ऐकवताना माणूसही नीट निवडा, एएसएमआर सगळ्यांना होत नाही, त्यामुळे ज्यांना नेहमीच्या कुजबुजीच्या व्हिडिओंनी होतं अशाच तीन-चार जणांना ऐकवा, बाकीचे मित्र तुम्हाला "रिलॅक्सिंग आहे" हेच सांगणार. आणि आवडलं का असं न विचारता कितव्या मिनिटाला, कितव्या सेकंदाला झिणझिणी आली ते विचारा. तो टाइमकोड प्रोजेक्टमध्ये उघडून बघा, कित्येकदा तिथे तुम्ही मुद्दाम ठेवलेलं काहीच नसतं, रेकॉर्ड करताना शर्टाची बाही टेबलाला घासलेली असते. तो तुकडा कापून वेगळ्या फोल्डरमध्ये सेव्ह करा, पुढचा ट्रॅक तिथून सुरू करा.